सातासमुद्रापार, पण स्वतःच्या गाडीने
परदेशातील दीर्घ मोटारप्रवासात समुद्र आडवा येतो तेव्हा कागदपत्रे, पैसा आणि वेळ यांचे गणित कसे मांडावे?

डहाणू, प्रतिनिधी

डहाणू तालुक्यातील चारोटी नाक्यावरून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ उत्तरेकडे निघतो, तलासरी ओलांडतो आणि अच्छाडनंतर गुजरातच्या हद्दीत शिरतो. पूर्वी ८ क्रमांकाने ओळखला जाणारा हा रस्ता दिल्लीपर्यंत जातो. नकाशावरचे बोट तसेच पुढे सरकवले तर अमृतसर, लाहोर, इराण, तुर्कस्तान असे करत थेट युरोप गाठता येतो. मात्र हे केवळ नकाशावर! प्रत्यक्षात आपल्या दारातली मोटार घेऊन परदेशी जायचे असेल, तर बहुतेक वेळा पहिली गाठ रस्त्याशी नव्हे, समुद्राशी पडते. स्वतःच्या वाहनाने परदेश पाहण्याची इच्छा बाळगणाऱ्यांची संख्या वाढत असली, तरी या समुद्राचा हिशेब नेमका कसा करायचा, याविषयी नेमकी माहिती फारशी उपलब्ध नसते. हिशेब चुकला तर सहल फसते एवढेच होत नाही. बँकेत ठेवलेले काही लाख रुपये परदेशी सरकारच्या तिजोरीत जमा होण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच या प्रवासाचे नियोजन समजून घेणे आवश्यक आहे.

जमिनीवरच्या वाटा का बंद?

मोटारचालकाच्या दृष्टीने पाहिले तर भारत हे आज जवळपास बेटच आहे. पश्चिमेकडील अटारीची एकात्मिक तपासणी चौकी एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने बंद केली. त्याआधीही खासगी मोटारीने पाकिस्तानातून पुढे जाणे सामान्य पर्यटकाच्या आवाक्यातले नव्हते. पूर्वेकडे मणिपूरमधील मोरेहहून म्यानमारमार्गे थायलंडला जाणारी वाट १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर बेभरवशाची झाली. उत्तरेकडे नेपाळमार्गे तिबेट आणि चीन हा पर्याय उरतो. परंतु चीनमध्ये परदेशी मोटार न्यायची तर अधिकृत पर्यटन संस्थेमार्फत पूर्वपरवानगी, सोबत वाटाड्या, तेथील तात्पुरता चालक परवाना आणि तात्पुरती नंबरप्लेट असा सारा जामानिमा करावा लागतो. शिवाय हिमालय आपला हक्क बजावतोच. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पुरात नेपाळ-चीन सीमेवरील रसुवागढीचा मैत्री पूल वाहून गेला आणि या वाटेची नाजूकता पुन्हा एकदा स्पष्ट झाली.

म्हणजे उरतो तो समुद्र. अर्थात डहाणू परिसराला तो नवा नाही. इराणमधून निघालेले पारशी पूर्वज हॉर्मुझहून गलबतांतून आधी दीवला आणि तेथून संजाणला उतरले, अशी कथा सुमारे १६०० साली रचलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात येते. संजाण तलासरीच्या सीमेला लागूनच आहे. संजाणच्या पाडावानंतर पवित्र अग्नी ज्या बहरोटच्या डोंगरगुंफांत बारा वर्षे जपला गेला असे मानतात, त्या गुंफा तर डहाणू तालुक्यातच आहेत. पुढे यझद आणि केरमान भागांतून आलेल्या इराणी कुटुंबांनी डहाणू, घोलवड, बोर्डी परिसरात चिकूच्या वाड्या जोपासल्या. त्यामुळे ‘गाडीने यझदपर्यंत जाता येईल का,’ हा प्रश्न या पट्ट्यात केवळ पर्यटनाचा राहत नाही.

या प्रश्नाचे आजचे उत्तर सावधच द्यावे लागते. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना दिलेली व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत २२ नोव्हेंबर २०२५ पासून स्थगित केली. जून २०२५ मधील इस्रायल-इराण युद्धाच्या वेळी भारताला ‘ऑपरेशन सिंधू’ राबवून आपले नागरिक तेथून बाहेर काढावे लागले होते. शारजाहहून दक्षिण इराणच्या बंदरांकडे जाणाऱ्या फेरीबोटींचा वापर मोटारप्रवाशांनी अनेक वर्षे केला. परंतु परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना अनुकूल झाल्याशिवाय हा टप्पा नियोजनात गृहीत धरणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी आखातातच फिरून हॉर्मुझच्या सामुद्रधुनीच्या अलीकडच्या तीरापर्यंत जाता येते. मोटार जहाजाने दुबईजवळील जेबेल अली बंदरात उतरवायची, रास अल खैमामार्गे ओमानच्या मुसंदम प्रांतातील खसब गाठायचे आणि तेथून मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीने ओमानच्या मुख्य भूमीवर शिनासकडे उतरून मस्कतला जायचे, असा हा मार्ग. तोही प्रदेश शांत असेल तेव्हाच आखावा, हे वेगळे सांगायला नको.

‘कार्ने’ म्हणजे मोटारीचा पासपोर्ट

या साऱ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ‘कार्ने द पासाज’. सर्वसामान्य भाषेत त्याला मोटारीचा पासपोर्ट म्हणतात. परदेशी वाहन एखाद्या देशात आले की तेथील सीमाशुल्क खात्याच्या लेखी ती आयातच असते आणि आयात म्हटली की शुल्क आले. पर्यटक मोटार विकणार नाही, परत घेऊन जाईल, याची हमी कोणीतरी द्यावी लागते. ती हमी देणारी कागदपत्रांची पुस्तिका म्हणजे कार्ने. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग अधिकारी फाडून घेतात, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के उमटतात. हा तिसरा भाग पुस्तिकेतच राहतो आणि तोच मोटारमालकाचा पुरावा ठरतो. पुस्तिकेची मुदत साधारण एक वर्षाची असते.

भारतात कार्ने वाहनधारकांच्या मान्यताप्राप्त संघटना देतात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था हे काम करते. परदेशातील सीमाशुल्क खात्याने शुल्क मागितले तर ते भरण्याची जबाबदारी संघटनांच्या साखळीवर येते. त्यामुळे संघटना अर्जदाराकडून आधीच तारण घेते. हे तारण बहुधा बँक हमीच्या रूपात असते आणि त्याची रक्कम मोटारीची किंमत व कोणत्या देशांतून जायचे आहे यांवर ठरते. आयात शुल्क जबर असलेल्या देशांसाठी ती मोटारीच्या किमतीहून अधिक, प्रसंगी तिच्या काही पट असू शकते. उदाहरणादाखल, मोटारीची किंमत दहा लाख रुपये धरली आणि तारणाचे प्रमाण दुप्पट ठरले, तर वीस लाख रुपये वर्षभर अडकून पडतात. हा खर्च नव्हे, तारण आहे, हे खरे. पण चिकूच्या वाडीचे उत्पन्न किंवा डायमेकिंगसारख्या लघुउद्योगाचे खेळते भांडवल हाच ज्यांचा आधार आहे, त्यांच्या दृष्टीने वर्षभर अडकलेला पैसा आणि खर्च झालेला पैसा यांत फारसा फरक उरत नाही.

खरा धोका पुढे आहे. परदेशात मोटार चोरीला गेली, अपघातात निकामी झाली किंवा कर्ज फेडण्यासाठी कोणाला देऊन टाकली, तरी कार्नेच्या दृष्टीने ती त्या देशात ‘राहिलेली’ असते. मग तारणातून शुल्काची वसुली होऊ शकते. बाहेर पडताना एका नाक्यावर शिक्का घ्यायचा राहिला, तरी हाच प्रसंग ओढवतो. म्हणून चोरी वा अपघात झाल्यास पोलिसांचा लेखी अहवाल आणि सीमाशुल्क खात्याची नोंद तत्काळ घ्यावी. भंगार झालेली मोटारही सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून टाकून देता येत नाही. भारतातून निघताना न्हावा-शेवा बंदरावर पहिला शिक्का आणि परतल्यावर शेवटचा शिक्का, हे दोन्ही तितकेच आवश्यक. पहिला शिक्का नसेल तर परत आलेली आपलीच मोटार आयात ठरवली जाण्याचा घोळ उद्भवतो.

इराण, इजिप्त, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत कार्नेची गरज भासते. युरोपीय संघात मात्र ती लागत नाही. तेथील रहिवासी नसलेल्या पर्यटकाला आपली मोटार साधारण सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती आणता येते. तुर्कस्तानात मोटारीची नोंद मालकाच्या पासपोर्टशी जोडली जाते. मोटार तेथेच ठेवून मालकाला विमानाने मायदेशी यायचे असेल, तर आधी सीमाशुल्क खात्याशी व्यवहार पूर्ण करावा लागतो. घरी काही अघटित घडले आणि तातडीने परतावे लागले तर काय, याचा विचार म्हणूनच निघण्यापूर्वी झाला पाहिजे.

परवाना, नोंदणी आणि विमा

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. डहाणू-तलासरीकरांच्या वाहनांवर आता ‘एमएच ४८’ हा क्रमांक दिसतो आणि त्यासाठीचे कार्यालय वसई-विरार भागात आहे. या परवान्यासाठी नमुना ४-अ भरावा लागतो आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्याचे शुल्क एक हजार रुपये आहे. मुदत एक वर्षाची, किंवा मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढ्यापुरतीच. कार्ने आणि हा परवाना दोन्ही एक वर्षाचे असल्याने ते फार लवकर काढून ठेवणे तोट्याचे ठरते. काही देश या परवान्यावर आणखी एक शिक्का मागतात. श्रीलंकेत तेथील मोटार संघटनेकडून किंवा वाहतूक खात्याकडून स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते.

नोंदणी पुस्तक मूळ स्वरूपात जवळ हवे. भ्रमणध्वनीतील डिजिटल प्रत चारोटीच्या नाक्यावर चालेल, परदेशातील सीमेवर चालेलच असे नाही. चासी आणि इंजिन क्रमांक सर्व कागदांवर अक्षरशः सारखे असले पाहिजेत. एका आकड्याची चूक बंदरावर मोटार अडवायला पुरेशी असते. मोटार कर्जावर असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र, आणि मोटार वडिलांच्या किंवा पेढीच्या नावावर असेल तर मालकाचे अधिकारपत्र लागते. क्रमांक रोमन लिपीतच असावा आणि मागे ‘आयएनडी’ ही भारताची ओळख सांगणारी लंबगोल पट्टी चिकटवावी.

विम्याबाबत मोठा गैरसमज आढळतो. आपल्याकडील ‘सर्वसमावेशक’ पॉलिसी ही भारताच्या हद्दीपुरतीच सर्वसमावेशक असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान एवढ्यांपुरती वाढवता येते. आखात वा युरोपसाठी तेथील विमा सीमेवर किंवा आगाऊ घ्यावा लागतो आणि तोही प्रायः तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीपुरता असतो. स्वतःच्या मोटारीचे नुकसान झाले तर ते स्वतःच सोसावे लागेल, असे धरून चालावे.

जहाजात मोटार चढते कशी?

मोटार समुद्रापार नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला ‘रो-रो’, म्हणजे मोटार चालवत जहाजात न्यायची आणि चालवतच उतरवायची. दुसरा कंटेनर. नव्या मोटारींची निर्यात रो-रो जहाजांतून मोठ्या प्रमाणावर होत असली, तरी एकट्या पर्यटकाला कंटेनर अधिक सोयीचा पडतो, कारण तो कुलूपबंद असतो आणि सामानही आत ठेवता येते. वीस फुटी कंटेनरची आतील लांबी सुमारे ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर आणि दाराची उंची २.२८ मीटर असते. त्यात एक मोटार मावते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दोन मोटारी बसतात, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून निघणे किफायतशीर ठरते. टपावर सामानाचा सांगाडा असेल तर उंची आधी मोजावी.

टाकीत इंधन अगदी अल्प ठेवायचे, बॅटरीच्या तारा सोडवायच्या, चाके पट्ट्यांनी जखडायची आणि गॅसचे सिलिंडर वा शेगडी आत ठेवायची नाही, हे साधारण नियम आहेत. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाजावर चढण्यापूर्वी कळवणे जगभर बंधनकारक आहे. हे सारे सीमाशुल्क दलाल पाहतो. मात्र कंटेनरच्या सीलचा क्रमांक आणि ‘बिल ऑफ लेडिंग’ वरील नाव मालकाने स्वतः तपासावे. पलीकडच्या बंदरात मोटार सोडवून घेताना हाच कागद हक्काचा पुरावा असतो आणि त्यावरील नाव पासपोर्टाबरहुकूम नसेल तर मोटार हलत नाही.

कंटेनर जहाजातून प्रवासी जात नाहीत. मोटार समुद्रमार्गे आणि कुटुंब विमानाने, असे दोन स्वतंत्र प्रवास होतात आणि त्यांची गाठ घालणे हेच नियोजनाचे मर्म आहे. न्हावा-शेवा ते जेबेल अली हे अंतर जहाज काही दिवसांत कापते. परंतु भराई, तपासणी, जहाजाची प्रतीक्षा आणि पलीकडची सोडवणूक धरून दोन ते तीन आठवडे हातात ठेवलेले बरे. विमानाचे तिकीट जहाज सुटल्याची खात्री झाल्यावरच काढावे. बंदरात ठरावीक दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहिलेल्या कंटेनरवर दररोज विलंब आकार चढतो. भाड्याच्या रकमेइतकाच हा आकारही अंदाजपत्रकात धरायला हवा.

युरोपकडे जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी सुएझ कालव्याऐवजी आफ्रिकेला वळसा घालण्याचा मार्ग पत्करला. या वळशाने प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबतो. आपली मोटार नेमक्या कोणत्या मार्गाने जाणार, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

दुसऱ्याच्या नुकसानीत आपला वाटा

समुद्री वाहतुकीचा एक प्राचीन नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. संकटात सापडलेले जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा बचावकार्यावर मोठा खर्च झाला, तर तो भार जहाजमालक आणि सर्व मालधनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात उचलतात. याला ‘जनरल अॅव्हरेज’ म्हणतात. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे महाकाय जहाज सुएझ कालव्यात रुतले तेव्हा जहाजमालकाने हाच नियम लागू केल्याचे जाहीर केले होते. त्या जहाजावरील ज्या मालाला खरचटलेही नव्हते, त्याच्या मालकांनाही हमी द्यावी लागली.

समजा, जहाज आणि त्यावरील सर्व माल मिळून पाचशे कोटी रुपयांचा आहे आणि बचावाचा खर्च पंचवीस कोटी झाला. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मालाच्या पाच टक्के. दहा लाखांच्या मोटारीमागे पन्नास हजार रुपये भरल्याशिवाय, किंवा तेवढी हमी दिल्याशिवाय, ती ताब्यात मिळणार नाही. सागरी विमा घेतला असेल तर ही हमी विमा कंपनी देते. विम्याचा हप्ता वाचवण्याचा मोह म्हणूनच टाळावा आणि ‘जनरल अॅव्हरेज’चा समावेश पॉलिसीत आहे की नाही, हे वाचूनच स्वाक्षरी करावी.

आधी घराजवळ सराव

परदेशातील फेरीबोटीवर पहिल्यांदाच मोटार चढवण्यापेक्षा तो अनुभव घराजवळ घेणे केव्हाही चांगले. पालघर जिल्ह्यातच विरार ते सफाळे यांदरम्यान खाडी ओलांडणारी रो-रो सेवा एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० पासून परिचयाची आहे. खऱ्या अर्थाने समुद्राचा सराव हवा असेल तर सुरतजवळील हजीरा ते भावनगरजवळील घोघा ही सेवा उपयुक्त आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा रस्त्याचे सुमारे ३७० किलोमीटरचे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आले. तलासरीहून महामार्गाने सकाळी निघून हजीरा गाठावे, घोघ्याला उतरावे आणि पुढे दीवला जावे. संजाणला येण्यापूर्वी पारशी पूर्वजांनी जेथे पहिला मुक्काम केला असे परंपरा सांगते, तेच हे दीव. आठवडाभरात होणारी ही फेरी मोठ्या प्रवासाची उत्तम रंगीत तालीम ठरू शकते.

या तालमीत काय शिकायचे? मोटार गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढायचा. चोरीचा गजर बंद ठेवायचा, नाहीतर जहाज डोलू लागले की तो वाजत राहतो. युरोपातील बहुतेक फेऱ्यांमध्ये जहाज सुटल्यावर मोटारींचा मजला प्रवाशांना बंद होतो. म्हणून औषधे, पासपोर्ट, लहान मुलांचे खाणे आणि गरम कपडे एका हातपिशवीत आधीच काढून घ्यायचे. आपली मोटार कोणत्या मजल्यावर, कोणत्या जिन्याजवळ आहे, हे लिहून ठेवायचे. तिकीट काढताना मोटारीची लांबी व उंची टपावरच्या सामानासह सांगायची. कॅले ते डोव्हर हा इंग्लिश खाडीचा टप्पा फेरीने साधारण दीड तासाचा आहे. खाडीखालच्या बोगद्यातून रेल्वेवर मोटार नेल्यास हेच अंतर पस्तीस मिनिटांत संपते. परंतु गॅसवर चालणाऱ्या मोटारींना त्या रेल्वेत प्रवेश नाही. सीएनजीचे संच असलेल्या मोटारी आपल्या भागात विपुल आहेत, म्हणून हा नियम विशेष लक्षात ठेवावा.

मोटार न नेताही समुद्र ओलांडण्याचा एक सोपा पर्याय आहे. तमिळनाडूतील नागपट्टिनम ते श्रीलंकेतील कांकेसंथुराई ही प्रवासी बोट १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली आणि काही काळ खंडित होऊन ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा धावू लागली. ती मोटारी नेत नाही. डहाणूहून मोटारीने नागपट्टिनम गाठायचे, मोटार तेथे ठेवायची आणि पलीकडे भाड्याची घ्यायची. श्रीलंकेतही आपल्यासारखीच डाव्या बाजूची वाहतूक असल्याने चालकाला फारसे अवघड जात नाही. याउलट आखात आणि युरोपात वाहतूक उजव्या बाजूने चालते. आपल्या मोटारीचे सुकाणू उजवीकडे असल्याने समोरचे दिसण्याआधीच ओलांडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. शेजारी बसणाऱ्याची नजर आणि चालकाचा संयम, दोन्हींची तेथे कसोटी लागते.

डब्यातली खसखस आणि पेटीतले चिकू

मराठी कुटुंब प्रवासाला निघाले की फराळाचा डबा आलाच. मात्र संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे. अनारशांवरची खसखस किंवा घरच्या मसाल्यात कुटून घातलेली खसखस तेथे गंभीर अडचणीत आणू शकते. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांचेही तसेच. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्यावीत आणि अमिरातीत आगाऊ परवानगी लागणाऱ्या औषधांची यादी पाहावी.

युरोपीय संघात बाहेरील देशांतून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही आणता येत नाहीत; म्हणजे पेढे आणि तूप घरीच ठेवायचे. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढी पाचच फळे वगळली आहेत. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू या यादीत नाही. लंडनच्या नातलगांसाठी पेटी भरण्यापूर्वी ब्रिटनचे स्वतंत्र नियमही पाहून घ्यावेत.

इंधनाचाही प्रश्न आहे. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहा प्रकारच्या डिझेल मोटारींना अत्यल्प गंधक असलेले इंधन लागते. ज्या देशांत तसे डिझेल सर्वत्र मिळत नाही, तेथे धूर गाळणारी यंत्रणा तुंबते आणि मोटार वाटेतच थांबते. दीर्घ प्रवासासाठी साधी, दुरुस्तीस सोपी पेट्रोल मोटार अनेकदा अधिक विश्वासार्ह ठरते.

वाढवणची धक्कागोदी काय देईल?

डहाणू तालुक्यातच उभ्या राहत असलेल्या वाढवण बंदराच्या आराखड्यात नऊ कंटेनर टर्मिनलांबरोबर एक रो-रो धक्काही आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते या सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. मग उद्या डहाणूकराला मोटार घेऊन घराजवळूनच जहाजात चढता येईल का? तसे गृहीत धरता येत नाही. रो-रो धक्का हा प्रामुख्याने वाहनांच्या व्यापारी वाहतुकीसाठी असतो. पर्यटकांची फेरी सुरू होण्यासाठी पारपत्र तपासणी, सीमाशुल्काची प्रवासी व्यवस्था आणि नियमित जहाज कंपनी या तिन्ही गोष्टी लागतात. शिवाय १,४४८ हेक्टर समुद्र भरून होणाऱ्या या बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला आहे आणि डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेपासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षित आहे. त्यामुळे या धक्क्याकडे पाहताना पर्यटकाची सोय हा फारच लहान मुद्दा ठरतो.

परत फिरण्याची तरतूद

समुद्र ओलांडून रस्त्याने जग पाहण्याची या भागातली परंपरा जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परतले. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर त्यांनी अर्थातच आगबोटीने ओलांडले. सहांपैकी तिघांनी वाटेत प्रवास सोडला, हेही तितकेच लक्षात घेण्याजोगे. आजच्या मोटारप्रवाशाचे नियोजनही जाण्याइतकेच परतण्याचे असले पाहिजे. मोटार कोणत्याही टप्प्यावरून जहाजाने परत पाठवण्याचा खर्च, कुटुंबाच्या विमानभाड्याची रक्कम आणि तारण बुडाल्यास घर चालेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर, ही तीन गोष्टींची तजवीज निघण्यापूर्वी व्हायला हवी. तारण बुडाले तर घर अडचणीत येईल असे उत्तर आले, तर मोटार घरी ठेवून दीवची फेरी करावी. त्या प्रवासात आनंद कमी नाही आणि कार्नेही लागत नाही.

नियोजनाचे वेळापत्रक

बारा महिने आधी : मार्ग निश्चित करावा. प्रत्येक देशासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना, व्हिसाचे नियम आणि कार्नेची गरज तपासावी. पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी.

सहा महिने आधी : बँकेशी तारणाबाबत बोलणी करावीत. कर्जाचे ना-हरकत पत्र मिळवावे. हजीरा-घोघा मार्गावर सरावाची फेरी करावी.

तीन महिने आधी : किमान तीन दलालांकडून लेखी दर घ्यावेत. त्यात पलीकडच्या बंदरातील खर्च आणि विलंब आकार स्वतंत्र लिहून मागावा. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो, हे ध्यानात ठेवावे.

दीड महिना आधी : आंतरराष्ट्रीय परवाना, कार्ने आणि सागरी विमा घ्यावा. सर्व कागदांच्या तीन प्रती करून एक घरी ठेवावी.

भराईच्या दिवशी : मोटारीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, सीलचा क्रमांक टिपावा आणि कार्नेवर भारतीय सीमाशुल्काचा शिक्का पाहूनच बंदर सोडावे.

परतल्यावर : शेवटचा शिक्का घेऊन पुस्तिका संघटनेकडे जमा करावी. तारण मोकळे झाल्याचे पत्र हाती आल्यानंतरच प्रवास संपला, असे समजावे.